शिलाई मशीनवरची मान: महालातील एक प्रकरण

नागपूरच्या महाल भागात घरीच ब्लाउज शिवणाऱ्या आणि फॉल-पिको करणाऱ्या ४४ वर्षांच्या ताईंचे हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तक्रार सरळ होती: मानेच्या उजव्या बाजूला, कवटीच्या खालच्या कडेपासून खांद्याच्या टोकापर्यंत दुखते आणि उजवीकडे मान पूर्ण वळत नाही. त्यांच्या शब्दांत, "मान फिरूनच नाही राह्यली मॅडम. बडकस चौकात गाडी वळवायची म्हटलं तर अख्खी मीच वळते."

दुखणे तसे जुने, अधूनमधून डोके वर काढणारे. तुळशीचे लग्न झाले, लगनसराई लागली आणि ते मुक्कामालाच आले. त्या आल्या संक्रांतीनंतर. सकाळी उठताना दहापैकी ३, संध्याकाळी दिवेलागणीला ७, आणि ज्या दिवशी मशीनवर बसल्या नाहीत त्या दिवशी बरेच कमी. फिजिओथेरपिस्ट म्हणून रुग्णाला हे चढउतार मी नेहमी खोदून विचारते. कामासोबत चढणारे आणि विश्रांतीने उतरणारे दुखणे बहुतेक वेळा स्नायू-सांध्यांचे असते. रात्री झोपेतून उठवणारे, कूस बदलूनही न हलणारे दुखणे वेगळ्या खात्यात जाते.

येण्याआधी सगळे घरगुती सोपस्कार झाले होते. बाम, गरम पाण्याची पिशवी, ओळखीतल्या काकूंची मालीश, औषधाच्या दुकानातून आणलेला मानेचा पट्टा. पट्टा त्यांनी काही आठवडे शिवतानासुद्धा लावला. पट्टा लावून खाली बघता येत नाही म्हणून कमरेतून वाकत, मग कंबरही धरली. साध्या मानदुखीत पट्ट्याचा उपयोग फार थोडा. तीव्र दुखण्यात एक-दोन दिवस आधार म्हणून ठीक. त्यापुढे जे स्नायू आधीच थकलेले आहेत त्यांना आणखी रिकामे बसवण्याचेच काम तो करतो.

पिशवीत एक्स-रेही होता. अहवालात 'सर्व्हायकल स्पाँडिलोसिस' लिहिलेले आणि ताईंच्या मनात ते शब्द पक्के रुतलेले. "मणके घासले म्हणते, आता हे जन्माचं न?" इथे मी वेळ घालवला, कारण ही भीती काढल्याशिवाय पुढचा कुठलाही व्यायाम जमणार नव्हता. जपानमध्ये मानेचे काहीच दुखणे नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांपैकी सुमारे ८७ टक्के लोकांमध्ये दोन मणक्यांमधली चकती थोडीफार फुगलेली दिसली, अगदी विशीतल्या बऱ्याच जणांतही. चाळिशीनंतरच्या मानेच्या एक्स-रेत बऱ्याचदा काहीतरी दिसतेच. ते दिसले म्हणजे तेच दुखते असा अर्थ होत नाही.

तरी घाबरवणाऱ्या गोष्टी आधी बाजूला काढाव्याच लागतात. पडल्या होत्या का, ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणे (आपल्याकडे मणक्याचा क्षय विसरून चालत नाही), चालताना तोल जाणे, लघवीवर ताबा, छातीत दडपण. सगळ्याला उत्तर नाही. हातांचे रिफ्लेक्स नीट, मज्जारज्जूवर दाब आहे का हे सुचवणारी हॉफमन चाचणी निगेटिव्ह. बोटांचे बारीक काम बिघडले आहे का हे बघायला शर्टाचे बटण लावायला सांगतात. शिलाईवालीला मी सुईत दोरा ओवायला दिला. पहिल्या झटक्यात ओवला.

उजव्या हाताला मात्र रात्री मुंग्या येत होत्या. घरच्यांचा निकाल लागलेला होता: मानेत नस दबली. मुंग्या नेमक्या कुठे, असे विचारल्यावर त्यांनी अंगठा, पहिले बोट आणि मधले बोट दाखवले. हात झटकला की बरे वाटते, म्हणाल्या. हे झटकणे ऐकले की माझे लक्ष मानेवरून मनगटाकडे जाते. मानेतली नस दबली आहे का हे तपासायला चार चाचण्यांचा एक गट वापरतात: दुखऱ्या बाजूला मान ६० अंशांपेक्षा कमी वळणे, स्पर्लिंग चाचणी (मान दुखऱ्या बाजूला कलवून डोक्यावरून दाब देणे), मान हलके वर ओढल्यावर आराम पडणे आणि हाताच्या नसेवर ताण देणारी चाचणी. चारही पॉझिटिव्ह असल्या तर संशय बळकट होतो. ताईंची फक्त पहिली पॉझिटिव्ह होती, आणि मान वळत नाही हीच तर मूळ तक्रार. उलट मनगट दुमडून मिनिटभर ठेवले, ती फेलन चाचणी, तेव्हा त्याच तीन बोटांत मुंग्या उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षे जड कात्री चालवणाऱ्या हाताला कार्पल टनेलचा, म्हणजे मनगटात नस दबण्याचा त्रास होणे नवलाचे नाही. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट सुचवला आणि हे प्रकरण मानेपासून वेगळे काढले. ट्रॅक्शन मी दिले नाही ते यामुळेच. नस दबल्याची लक्षणे नसताना मान ओढून हाती फारसे लागत नाही.

आता मोजमाप. उजवीकडे मान ४८ अंश वळत होती, डावीकडे ७०. वर बघताना उजव्या बाजूला टोचत होते, खाली बघताना नुसता ताण. मान पूर्ण खाली वाकवून वळवली, म्हणजे खालचे सांधे कुलूपबंद करून फक्त वरच्या दोन मणक्यांची हालचाल बघितली, तर उजवीकडे २८ अंश आणि डावीकडे ४२. दुखणे नसलेल्या माणसात ही हालचाल साधारण ४४ अंश असते. मानेचे निम्मे वळणे पहिल्या-दुसऱ्या मणक्यांमध्येच होते, त्यामुळे अडकले कुठे हे बऱ्यापैकी स्पष्ट झाले.

नेक डिसॅबिलिटी इंडेक्सही भरून घेतला. हॉवर्ड व्हर्नन आणि सिल्व्हानो मायोर यांची ही १९९१ मधली प्रश्नावली. वाचणे, झोप, गाडी चालवणे, उचलणे, काम असे दहा भाग, प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ५०. ताईंना १९ आले, म्हणजे मध्यम अडचण. सर्वांत जास्त गुण गाडी आणि कामाला.

हाताला जे लागले ते कुठल्याही मालीशवाल्यालाही लागले असते: मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू, उजवा अप्पर ट्रॅपेझियस, टणक आणि पाठीवरच्या त्रिकोणी हाडाच्या वरच्या आतल्या कोपऱ्यावर बोट ठेवले की "हां, तेच". तिथे लेव्हेटर स्कॅप्युली हा स्नायू येऊन चिकटतो. मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून तो निघतो. टणक लागतो म्हणून तो आखडला, आखडला म्हणून ताणा आणि चोळा, असा सरधोपट हिशेब असतो. पण दिवसभर मूल कडेवर घेतलेल्या बाईचा दंडही टणकच लागतो. तो ताणून काय होणार? कडेवरचे ओझे कमी करा नाहीतर दंडात बळ आणा.

बळाची चाचणी केली ती अशी. उताणे झोपवून मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवायची, २० मिलिमीटर पाऱ्याइतक्या दाबापर्यंत भरलेली, बाजूला दाब दाखवणारी तबकडी. रुग्णाने हलकेच 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी आत घ्यायची आणि दाब २२, २४, २६, २८, ३० असा पायरीपायरीने नेऊन प्रत्येकी १० सेकंद धरायचा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठातील ग्वेंडोलेन जुल यांच्या गटाने ही पद्धत रूढ केली. मानेच्या पुढच्या बाजूला अगदी खोल, मणक्यांना लगटून असलेले स्नायू यात कामाला लागतात. ताई २४ पर्यंत नीट गेल्या. २६ ला गळ्याच्या दोन्ही बाजूंचे मोठे स्नायू दोरखंडासारखे वर आले आणि श्वास रोखला गेला. मग डोके इंचभर उचलून धरायला सांगितले. दुखणे नसलेल्या बायका साधारण अर्धा मिनिट धरतात; ताईंचे डोके नऊ सेकंदांत थरथरू लागले. डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो. ते रोज आठ-दहा तास पुढे झुकवून धरायचे आणि धरणाऱ्या स्नायूंची ऐपत एवढीच.

पण हे काम त्या वीसेक वर्षे करत होत्या. मग याच सीझनला असे काय झाले? उत्तर क्लिनिकमध्ये मिळाले नाही. बसायची पद्धत बघायला मी मुलीकडून त्यांचा शिवतानाचा व्हिडिओ मागवला, बाजूने काढलेला. त्यात दोन गोष्टी दिसल्या. ट्यूबलाइट त्यांच्या पाठीमागे, त्यामुळे सुईवर त्यांच्याच डोक्याची सावली. आणि चष्मा. दिवाळीत त्यांनी पहिल्यांदा दोन नंबरांचा, म्हणजे वरून दूरचे आणि खालून जवळचे दिसणारा बायफोकल चष्मा घेतला होता. खालच्या भागातून सुई दिसावी म्हणून त्या पाठ वाकवून हनुवटी मात्र वर काढत होत्या, पुढे आणि वर, कासवासारखी. मानेचा खालचा भाग वाकलेला आणि वरचा मागे मोडलेला. वरचे दोन मणके जिथे अडकले होते नेमके तिथेच.

बसण्याच्या पद्धतीला मी एरवी फार दोष देत नाही. 'ताठ बसा'चा आग्रह धरणारे पुष्कळ आहेत. वाकडे बसूनही न दुखणारी माणसे त्याहून पुष्कळ. एकच ठेवण तासन् तास धरणे हा खरा त्रास, मग ती ठेवण सरळ का असेना. पण इथे काळ जुळत होता: चष्मा दिवाळीत, दुखण्याचा मुक्काम तुळशीच्या लग्नानंतर. टेप तर गळ्यातच होता, तेव्हा डोळ्यापासून सुईपर्यंतचे अंतर त्यांनाच मोजायला सांगितले. वीस इंच भरले. वाचायचा नंबर साधारण ४० सेंटीमीटरसाठी, म्हणजे सोळा इंचांसाठी काढतात. मधल्या चार इंचांतला काही भाग मान पुढे जाऊन भरून काढत असावी. नेत्रतपासणीला पाठवताना चिठ्ठीत लिहिले: मशीनसाठी वेगळा, पूर्ण काच एकाच नंबरची, अंतर ५० सेंटीमीटर. दिव्यासाठी क्लिपचा एलईडी, मशीनच्या डोक्याला डावीकडून. चष्मा तयार व्हायला आठवडा गेला, दिवा त्याच संध्याकाळी लागला.

उपचारांत पहिले काही दिवस हालचाल मोकळी करण्यावर भर होता. वरच्या तीन-चार मणक्यांच्या उजव्या सांध्यांवर हलक्या दाबाचे मोबिलायझेशन, म्हणजे हाताने सांधा हळूहळू हलवणे, पाठीच्या वरच्या भागाचेही, कारण तो भाग लाकडासारखा झाला असेल तर मान एकटी किती वळणार? ट्रॅपेझियस आणि लेव्हेटरसाठी 'दाबा आणि सोडा' पद्धत: रुग्णाने माझ्या हाताविरुद्ध अगदी कमी जोर लावायचा, काही सेकंद धरायचे, मग श्वास सोडत ढिले सोडायचे. मान कडकन वाजवणे मी केले नाही. वाजवल्याने काही काळ मोकळे वाटते हे खरे, पण मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका, दुर्मिळ असला तरी, घेण्याइतके इथे काही अडले नव्हते. सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून घेणाऱ्यांना तर मी हात जोडते.

"मशीन नाही लावत का तुम्ही?" हा प्रश्न दुसऱ्याच भेटीत आला. नागपुरात फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि करंट असे समीकरण पक्के आहे, आणि त्यात आमच्याच व्यवसायाचा हात आहे. मी सुरुवातीला गरम पॅक आणि आयएफटी (म्हणजे तो करंट) दिले, हे सांगून की यामुळे तासभर आराम पडेल आणि त्या तासात आपण व्यायाम करू. ध्वनिलहरींचे अल्ट्रासाउंड मशीन लावले नाही. साध्या मानदुखीत त्याचा ठोस फायदा दिसलेला नाही आणि त्यात जाणारी मिनिटे मला दुसरीकडे हवी होती.

घरी करायला टॉवेलचा व्यायाम दिला. न्यूझीलंडच्या ब्रायन मुलिगन यांच्या पद्धतीतला हा. हातरुमालापेक्षा मोठा, पातळ टॉवेल घ्यायचा. त्याची काठ कवटीच्या लगेच खाली बसवायची. उजवीकडे वळायचे असेल तर टॉवेलचे डावे टोक उजव्या हाताने धरून डाव्या गालावरून पुढे ओढायचे, उजवे टोक डाव्या हाताने छातीशी खाली धरायचे, आणि ओढ सुटू न देता मान उजवीकडे वळवायची. शेवटी दोन सेकंद थांबून परत. दोनदा, सकाळ-संध्याकाळ, बस. यातली अट एकच: करताना दुखता कामा नये. दुखले तर काठ चुकीच्या जागी आहे. ताईंनी आधी ओढणीने करून पाहिले, ती घसरत होती. मग कडक धुतलेला सुती टॉवेल जमला. हाच व्यायाम त्यांनी सर्वांत मनापासून केला, कारण केल्या केल्या मान पुढे सरकलेली कळते.

बळाचे व्यायाम मात्र गळी उतरवायला वेळ लागला. "दुखत्या मानेनं वजन उचलू?" अगदी रास्त शंका. डेन्मार्कमधल्या अँडरसन यांच्या गटाचा २०११ चा अभ्यास मला अशा वेळी कामी येतो. मान-खांदे दुखणाऱ्या, बैठे काम करणाऱ्यांना त्यांनी रबरी नळीने हात बाजूला उचलण्याचा एकच व्यायाम दिला. एका गटाला दिवसाला फक्त दोन मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. दहा आठवड्यांत दुखणे लक्षणीय उतरले. दोन मिनिटे म्हटल्यावर ताई तयार झाल्या. रबरी पट्टीने हात बाजूला उचलणे, खिडकीच्या गजाला पट्टी अडकवून मागे ओढणे, हातात वजन घेऊन खांदे वर-खाली करणे. सुरुवात एक लिटरच्या बाटल्यांनी, पुढे दोन्ही हातांत पाच-पाच किलो दळणाच्या पिशव्या. झोपण्याआधी हनुवटी आत घेण्याचा सराव, गळ्याचे मोठे स्नायू हाताने चाचपत; ते ताठ झाले की जोर जास्त झाला. ते जमल्यावर डोके उचलून धरणे.

कामाची मांडणी बदलणे सर्वांत अवघड गेले. दर वीस मिनिटांनी उठा हा सल्ला त्यांनी ऐकला आणि मोबाइलचा गजर दुसऱ्याच दिवशी बंद केला. गिऱ्हाईक दारात उभे असताना गजर कोण ऐकतो? मग आम्ही वेळ सोडून कामाला धरले. एक बाही झाली की उठून इस्त्री, आणि इस्त्रीचे टेबल मशीनपासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला. कटिंग जमिनीवरून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, दुपारी ओटा रिकामा असतो तेव्हा. हुक लावणे आणि तुरपाई मांडीवर व्हायची, त्यात मान सर्वांत खाली जाते. मांडीवर दोन उशा ठेवून काम वर आणले. मशीनच्या टेबलाच्या मागच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे ठेवून पाटा त्यांच्याकडे थोडा उतरता केला. मोटरचे मशीन म्हणून हे चालले. पायडलचे असते तर चालले नसते. ठोकळे दोनच दिवस टिकले, कात्री आणि बॉबिन घरंगळून खाली येतात म्हणून. पुढच्या कडेला पट्टी ठोकल्यावर परत बसवले.

चौथ्या आठवड्यात उजवीकडे मान ६४ अंश वळू लागली आणि दुखणे संध्याकाळी ४ वर आले. मग व्हायचे तेच झाले: बरे वाटते म्हणून व्यायामाची रबरी पट्टी खुंटीवर गेली. अक्षय्य तृतीयेच्या आधी रात्री जागून काम उरकले आणि दुखणे परत ६ वर. त्यात कूलर सुरू झालेले. "कूलरची हवा लागली," असे घरी ठरले. गार हवेने मान धरते याचा भक्कम पुरावा नाही, पण त्यावर वाद घालण्यात मला रस नव्हता. कूलरच्या झडपा बाजूला वळवायला काय जाते? महत्त्वाचे हे की या उठावात आम्ही व्यायाम थांबवला नाही. वजन निम्मे, आवर्तने तीच. टॉवेल चालू. हात-पाय सुन्न नाहीत, जोर कमी झालेला नाही, तोल ठीक, हे तपासून घेतले आणि नवीन एक्स-रे काढायचा आग्रह मोडून काढला. आठवड्याभरात दुखणे खाली आले. पहिल्यांदा दुखले तेव्हा त्या पट्टा बांधून बसल्या होत्या; या वेळी तो कपाटातच राहिला.

बारा आठवड्यांनंतरची नोंद: उजवीकडे वळणे ७२ अंश, वरच्या दोन मणक्यांचे ३९. डोके उचलून धरणे २६ सेकंद. दाबाच्या चाचणीत २८ पर्यंत स्वच्छ. संध्याकाळचे दुखणे बहुतेक दिवशी २. प्रश्नावलीत १९ चे ७ झाले. किमान सात गुणांचा फरक पडला तर रुग्णाला तो खरोखर जाणवतो असे साधारण धरतात, इथे बारांचा आहे. यातले किती श्रेय चष्म्याला, किती दळणाच्या पिशव्यांना, किती सीझन ओसरल्याला, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. माझा अंदाज विचाराल तर मान लवकर मोकळी झाली ती चष्मा-दिवा आणि टॉवेलमुळे, आणि अक्षय्य तृतीयेचा उठाव आठवड्यात आटोपला तो आधी कमावलेल्या बळामुळे.

दिवसाला पाचपेक्षा जास्त ब्लाउज झाले की उजवा खांदा अजून भरून येतो. बळाचे व्यायाम आता आठवड्यातून तीन दिवस, वजन सहा किलोवर नेले आहे. हाताच्या मुंग्या स्प्लिंटने कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत. अंगठ्याच्या बुडाचा स्नायू अजून भरलेला आहे आणि पकड ठीक आहे, त्यामुळे घाई नाही, पण मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या अस्थिरोग ओपीडीत दाखवून नसेची तपासणी करून घ्यायला सांगितले आहे. ताईंनी ती पावसाळ्यावर ढकलली आहे. कात्री हातातून सुटू लागली किंवा अंगठ्याचा जोर कमी वाटला तर त्याआधीच जायचे, एवढे त्यांच्या मुलीच्या मोबाइलमध्ये लिहून दिले आहे.